तुम्ही विचारलंत म्हणून : गिल्बर्टपासूनच सुरुवात का?

शनिवारी दुपारी मी शाळकरी मुलांना गेमची गोष्ट कशी रचायची ते शिकवतो. काही पालक मागच्या बाकांवर बसलेले असतात आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच त्यांच्यातलं कुणीतरी विचारतं, "सर, आजचे एवढे चांगले गेम सोडून १९९० सालचा तो चाचे लोकांचा गेम कशाला उघडता?" तासाभरात याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहितो.

तो गेम म्हणजे 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आणि तो रचणारा रॉन गिल्बर्ट. हा अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातला, प्राध्यापकाचा मुलगा. १९८५च्या सुमारास तो 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासच्या कंपनीच्या गेम विभागात लागला. काम साधं होतं : तिथले गेम कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर चालतील असे करून द्यायचे. त्या काळच्या साहसी गेममध्ये 'दार उघड', 'किल्ली घे' अशी वाक्यं कीबोर्डवर टाइप करावी लागत. गेमला ठाऊक असलेला नेमका शब्द सुचला नाही, तर दारासमोर ताटकळत बसायचं. गिल्बर्टला हे पटत नव्हतं. गॅरी विनिकबरोबर १९८७ साली केलेल्या 'मॅनिअक मॅन्शन'मध्ये त्याने पडद्याच्या खालच्या भागात १५ क्रियांची यादीच मांडली : ढकल, ओढ, दे, वाच, दुरुस्त कर. क्रिया निवडायची, मग वस्तू निवडायची, की झालं काम. त्यासाठी त्याने 'स्कम' नावाची, गेमला सूचना लिहून द्यायची स्वतःची भाषा आणि त्या सूचनांवर गेम चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, उभं केलं. पुढे दहाएक वर्षं त्या कंपनीचे साहसी गेम त्याच इंजिनावर चालले.

पण 'मॅनिअक मॅन्शन'मध्ये पात्रं मरायची, आणि एखादी वस्तू हातची गेली की गेम पुरा होण्याचा रस्ताच बंद व्हायचा. त्याचा विचार करकरून गिल्बर्टने १९८९ साली साहसी गेममध्ये काय काय चुकतं यावर एक लेख लिहिला. माझ्या मते गेम रचणाऱ्याने वाचावं असं याहून मोलाचं फारसं काही नाही. त्यातला एक मुद्दा मी फळ्यावर लिहून ठेवतो : आधी दरी दाखवा, दोर नंतर. दोर आधी सापडला तर खेळणारा तो नुसता पिशवीत टाकतो. आधी दरीच्या कडेला अडला असेल, तर दोर दिसताक्षणी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो.

मागच्या बॅचमध्ये सहावीतल्या एका मुलीने आडाचं कोडं रचलं होतं. तिच्या गोष्टीत नायकाला घरातून निघतानाच दोर मिळायचा, मग आड, मग तळाला पडलेली पितळी कळशी. मी तिला काही सांगितलं नाही, फळ्यावरची ओळ दाखवली. पुढच्या शनिवारी तिने आड आधी ठेवला होता. गेम चालू केल्याबरोबर शेजारची दोन पोरं ओरडली, "दोर कुठेय? दोर शोध!"

'मंकी आयलंड' हा त्या लेखाचाच प्रत्यक्ष प्रयोग. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या सहकाऱ्यांच्या साथीने गिल्बर्टने असा गेम केला की ज्यात खेळणारा सहसा मरत नाही. यातली तलवारबाजी तोंडाने होते, आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबासारखी. समोरच्याने टोमणा मारायचा, आपण चोख उत्तर द्यायचं. उत्तर येत नसेल तर हरायचं, पण हरताना कानावर पडलेला टोमणा आपला होतो, तो पुढच्या चाच्यावर वापरून त्याचं उत्तर शिकून घ्यायचं. हरणंच शिकवणी होऊन बसतं, आणि हे मुलांना न सांगता कळतं.

मरण फक्त एका जागी आहे. नायक गायब्रशला जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकतात. आजूबाजूला धारदार हत्यारं पडलेली, पण एकही हाताला लागत नाही. मुलं सगळ्यांवर क्लिक करकरून दमतात. उत्तर इतकंच, की मूर्ती उचलायची आणि चालत बाहेर यायचं. 'मी दहा मिनिटं श्वास धरू शकतो' असं हा गडी सगळ्यांना सांगत सुटलेला असतो, आणि खरोखरच दहा मिनिटं नुसतं बघत बसलात तर तो मरतो.

गिल्बर्टची चूकही मी मुलांना दाखवतो. १९९१च्या दुसऱ्या भागात धबधब्याचा पंप बंद करायचा असतो. त्यासाठी पियानो वाजवणाऱ्या माकडाला गुंगवून न्यायचं आणि पान्यासारखं वापरायचं. अमेरिकेत एका जातीच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात, त्यावरचा हा श्लेष. तो शब्दच ज्याने ऐकला नाही, त्याला हे सुचावं कसं? मी शाळेत असताना मामाच्या कॉम्प्युटरवर, शेजारी डिक्शनरी ठेवून, दिवाळीची आख्खी सुट्टी त्या पंपापाशी अडलो होतो. मराठीत गेम करणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोडं जर एकाच बोलीतल्या कोटीवर उभं असेल, तर पलीकडच्या तालुक्यातला मुलगा बाहेर राहतो.

१९९२ साली गिल्बर्टने लुकासची कंपनी सोडली. 'मंकी आयलंड'चे हक्क तिच्याकडेच राहिले. शेली डे यांच्याबरोबर 'ह्यूमंगस एंटरटेनमेंट' काढून तो लहान मुलांच्या गेमकडे वळला : पट-पट नावाची गाडी, फ्रेडी मासोळी. इंजिन तेच स्कम. पण 'मॅनिअक मॅन्शन'मधल्या पंधरा क्रिया दुसऱ्या 'मंकी आयलंड'मध्ये नऊवर आल्या होत्या, इथे ती यादीच गेली. अक्षरओळख नसलेलं पोर नुसत्या क्लिकवर आख्खी गोष्ट खेळायचं. गिल्बर्टचं नाव काढलं की लोक चाच्यांचं बोलतात. मला त्याचं हे काम तेवढंच मोठं वाटतं.

पुढे २०१७ साली, लोकवर्गणीच्या बळावर, त्याचा 'थिंबलवीड पार्क' हा गेम आला. आणि २०२२ साली, तब्बल ३१ वर्षांनी, ग्रॉसमनला सोबत घेऊन गिल्बर्ट 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन परतला. यात गायब्रशच्या सामानातच एक इशाऱ्यांचं पुस्तक आहे. अडलात तर ते उघडायचं. ते एकदम उत्तर देत नाही, आधी हलकासा इशारा देतं, तरी जमलं नाही तर जरा पुढचा.

बॅचच्या शेवटच्या तासाला मी हे पुस्तक पडद्यावर उघडतो आणि प्रत्येकाला आपापल्या कोड्यासाठी पहिला इशारा लिहायला सांगतो. उत्तर न फोडता, पण अडलेल्याला उठून जावंसं वाटणार नाही असा. आडाचं कोडं रचणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, "गावात गुरं कुणाकडे आहेत?"