काळ्या घोड्याचा पत्ता

टुरिस्ट गाडी चालवतो, त्यामुळे गेटवे, नरिमन पॉइंट, हँगिंग गार्डन ही माळ मला तोंडपाठ आहे. त्या दिवशीचे आजोबा वेगळे निघाले. सातारकडचे, सोबत नातू. बसतानाच म्हणाले, "गेटवे मागनं बघू. आधी काळा घोडा."

डेव्हिड ससून लायब्ररीजवळ त्यांना उतरवलं. चौथऱ्याला फेरी मारून ते माझ्याकडे संशयानं बघायला लागले. "ह्याच्यावरचा राजा कुठं गेला?"

हा घोडा २०१७ चा, मुद्दाम बिनस्वाराचा घडवलेला. त्यांनी लहानपणी पाहिला तो जुना. प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा एडवर्ड त्यावर बसलेला, पुतळा अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो उचलला. पुढं पन्नास वर्षांवर इथं घोडाच नव्हता, तरी कुणा टॅक्सीवाल्याचं अडलं नाही. मला विचाराल तर बिनस्वाराचाच बरा. लोकांनी ह्या भागाला नाव घोड्याचं लावलं, राजाचं कुठं लावलं?

"मग जुना मोडला का?"

"नाही काका, राणीच्या बागेत आहे."

"चला."

नशीब, बुधवार नव्हता. बुधवारी बाग बंद असते. जेजेचा पूल उतरून भायखळ्याला आलो. तिथं दोन पुलांच्या बेचक्यात उंच खांबावर खडा पारशी उभा आहे, खाली बिडाच्या जलपऱ्या. नातवानं विचारलं, हा कोण? म्हटलं, करसेटजी माणकजी, मुलानं वडिलांचा पुतळा उभारला. आजोबांनी लगेच नातवाला कोपरानं ढोसलं, "ऐकलंस? घरी जाऊन बापाला सांग."

बागेत घोडा दिसला आणि आजोबा खुलले. त्यांचे वडील मिलमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी पोराला घेऊन फोर्टात यायचे आणि सांगायचे, रात्री बारा वाजले की हा घोडा पाणी प्यायला खाली उतरतो. आजोबांनी तीच गोष्ट आता नातवाला ऐकवली, जशीच्या तशी, आवाज खाली आणून.

नातू म्हणाला, "मग एकदा पाणी प्यायला उतरला आणि चुकून इकडं आला का?"

"तसंच झालं असणार," आजोबा म्हणाले. "राजाला रस्ता कुठं ठाऊक होता!"

राजाचं काम तेवढ्यावर संपलं. नातवाला पेंग्विन बघायचे होते आणि तिथली रांग अशी, की गेटवे राहूनच गेला. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. माझे वेटिंगचे पैसे मात्र त्यांनी घासाघीस करून निम्म्यावर आणले.