गहाळ यादी

११ मे, रविवार

हात अजून खरखरीत आहेत. तीनदा साबण लावला तरी वेखंडाचा वास जात नाही.

पाऊस लागायच्या आधी वाचनालयातली पुस्तकं पडवीत काढून त्यांना ऊन दाखवायचं आणि त्याच झपाट्यात पडताळणीही उरकायची, ही इथली जुनी पद्धत. कोकणातल्या पावसात भिंतींना ओल सुटते, तिथे कागदाचं काय! शाळेला सुट्टी म्हणून यंदा मला धरलं. ग्रंथपालबाई पुस्तक उघडून दाखल क्रमांक वाचणार, मी रजिस्टरात खूण करणार. गणिताच्या बाईंकडून असं काम चोख होतं, असा कार्यवाहांचा समज आहे. दुपारच्या जेवणानंतर आम्हा दोघींनाही डुलकी लागली आणि चाळीस-पन्नास क्रमांक पुन्हा तपासावे लागले, हे त्यांना सांगितलेलं नाही.

कार्यवाहांनी आणखी एक काम गळ्यात घातलंय. दर्शनी भिंतीवर फलक लावायचाय, ‘आमच्या वाचकांचे आवडते लेखक’. नावं मी ठरवायची. म्हटलं, त्यात काय, लोकांनाच विचारू. मे महिना, मुंबईचे चाकरमानी आलेले, एरवीपेक्षा गर्दीही जास्त. संध्याकाळी टेबलाशी बसले आणि येईल त्याला विचारत सुटले.

पु. ल., पु. ल., पु. ल. मग एक खांडेकर. मग पुन्हा पु. ल. एका काकांनी माझा प्रश्न पुरता होऊ न देता अंतू बर्वाच सुरू केला, तोही आवाज काढून, आणि मागे पाच माणसं खोळंबली. अंतू बर्वा रत्नागिरीचा, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात त्याच्याबद्दल लोक लांबच्या चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलतात. पुण्यात शिकणारा एक मुलगा ‘नेमाडे’ म्हणाला आणि मी आता पुढचं काहीतरी विचारेन या भीतीने सावध उभा राहिला. मी काही विचारलं नाही. आठवड्याला तीन पुस्तकं नेणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, “लेखक नाही हो माझ्या लक्षात राहत. गोष्ट राहते.” आता हे फलकावर कोणत्या नावाने लिहायचं?

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘जी. ए.’ म्हणाले असते. कॉलेजात असल्यापासून हेच उत्तर देत आलेय.

घरी आले तेव्हा आई झोपाळ्यावर तिचं पुस्तक घेऊन बसली होती. कालनिर्णयच्या पानाचं कव्हर, हातात भिंग. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

१४ मे, बुधवार

पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांची पट्टी चिकटवलेली असते. तीन दिवस त्या पट्ट्या पाहतेय आणि रविवारच्या उत्तरांवरचा माझा विश्वास उडत चाललाय. आमच्याकडे पूर्वी तारखेशेजारी सभासद क्रमांकही लिहायचे, म्हणजे कोणी काय नेलं तेही कळतं. लोकांच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. पण डोकावायला मजा येतेय, खोटं कशाला बोलू.

‘कोसला’च्या प्रतीची पहिली पंचवीस-तीस पानं कोपऱ्यात मळून काळी झालीत. पुढची जवळजवळ कोरी. मध्येच एक पेन्सिलवाला वाचक भेटला. त्याने प्रत्येक ‘वगैरे’खाली रेघ मारलीय, आणि त्या पुस्तकात ‘वगैरे’ किती वेळा येतं हे वाचलेल्याला ठाऊक आहे. दीडशे पानांनंतर त्याचीही पेन्सिल थांबली. ही कादंबरी १९६३ची, तेव्हा नेमाडे पंचविशीचे. मला वाटतं ती वाचायचं वयही तेच. मी चाळिशीत वाचली आणि पांडुरंग सांगवीकरापेक्षा त्याच्या वडिलांची काळजी वाटत राहिली. अपवाद त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा. ती पानं मात्र कोणत्याही वयाला जड जातील.

खांडेकरांचं अख्खं कपाट आहे. पट्ट्या १९६० ते १९८० या वर्षांत गच्च भरलेल्या आणि मग एकदम मोकळ्या, जणू गाव उठून गेलं. ‘ययाति’ तेवढी अजून जाते. मराठीला पहिलं ज्ञानपीठ तिच्यामुळे, १९७४चं, म्हणून जाते की ययातीच्या भानगडींमुळे, ते पट्टीवर लिहिलेलं नसतं.

बाबूराव अर्नाळकरांचं एकही पुस्तक सापडलं नाही. रजिस्टरात पानंच्या पानं आहेत: झुंजार, धनंजय, काळापहाड. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. आमच्याकडे त्यातल्या शेकडो होत्या, आणि प्रत्येकीपुढे लाल शाईने एकच शेरा, ‘जीर्ण, बाद’. फाटेपर्यंत वाचल्या लोकांनी. रविवारी साठी उलटलेले निदान दहा जण माझ्यासमोरून गेले. अर्नाळकर हे नाव एकाच्याही तोंडून आलं नाही.

आता माझी गोष्ट. जी. ए. कुलकर्णींच्या ‘पिंगळावेळ’च्या पट्टीवर सगळ्या मिळून अकरा तारखा. त्यातल्या पाचांसमोर माझा सभासद क्रमांक. वाचून पोटात कसंसंच झालं. एकोणिसाव्या वर्षी जी. ए. निम्मे कळले नव्हते, आणि न कळण्यातच सगळी गंमत होती. धारवाडला इंग्रजी शिकवणारा, काळ्या चष्म्याआडचा, सभा-संमेलनांना न फिरकणारा माणूस. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणारा. असा लेखक आपला आवडता म्हणून सांगितला की समोरचा दबायचा. त्यांची पत्रं नंतर वाचली आणि चकित झाले. इतका एकटा राहणारा माणूस पत्रांत किती भरभरून बोलतो! गेल्या पावसाळ्यात ‘विदूषक’ पुन्हा काढली. कथा मोठीच आहे, यात वाद नाही. पण वाचताना मी दोनदा उठून कुकर बघून आले. एकोणिसाव्या वर्षी घर जळलं असतं तरी उठले नसते.

तरीही लेखक म्हणून ते नाव मी सोडणार नाही. उगाच नाही पाच वेळा नेलं.

रात्री झोपताना लक्षात आलं की पट्टीही फसवते. ‘व्यक्ती आणि वल्ली’च्या पट्टीवर गेल्या पंधरा वर्षांत चारच तारखा आहेत. म्हणजे पु. ल. वाचत नाहीत का कोणी? तर तसं नाही, ते पुस्तक घरोघरी आहे. ‘श्यामची आई’चंही तेच. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिलं, आणि पालगड इथून जवळच, म्हणून शाळेच्या प्रत्येक बक्षीस समारंभात तेच वाटतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे तीन प्रती आहेत. ती वाचनालयातून चौथी कशाला नेईल?

१८ मे, रविवार, रात्री

पडताळणी संपली. त्रेचाळीस पुस्तकं गहाळ.

ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. तपासणीला साहेब येतील, त्यांना काय सांगायचं? मी मात्र ती यादी घेऊन पडवीच्या पायरीवर बसले आणि एकेक नाव वाचत गेले. आठवडाभर जे शोधत होते ते इथे मांडून ठेवलेलं होतं. तोंडाने माणूस काहीही सांगतो. पट्टीवर दिसतं ते ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याचं वाचन. पण चार आण्यांच्या दंडापासून अनामत बुडण्यापर्यंत सगळं सोसून, वर रस्त्यात ग्रंथपाल दिसल्यावर तोंड चुकवून, जे पुस्तक परत दिलं जात नाही, त्याच्यावर त्या माणसाचा खरा जीव.

फास्टर फेणे, सहा पुस्तकं. फुरसुंगीचा बनेश आमच्या खाडीकाठच्या पोरांनी उचलून नेला, भा. रा. भागवतांना हे आवडलं असतं. ‘दुनियादारी’च्या दोन प्रती. ‘मृत्युंजय’च्या तिन्ही. ‘बलुतं’, दया पवारांचं दलित आत्मकथन, ते निघालं त्या १९७८च्याच साली विकत घेतलेली प्रत, १९८१मध्ये गेली ती गेली. ती कोणाकडे असेल याचा विचार करत मी बराच वेळ बसले. त्याआधीच्या तीन वर्षांत ती एकदाच बाहेर गेली होती, असं देवघेवीच्या जुन्या वहीत दिसलं. या गावात ते पुस्तक काउंटरवर सगळ्यांदेखत मागायला काय लागत असेल, तेही मनात येऊन गेलं.

आणि ‘तुंबाडचे खोत’, फक्त खंड दुसरा.

हे इथेच घडू शकतं. तुंबाड शेजारच्या खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत हे सगळं जग लिहीत राहिले. खोतांच्या पिढ्यांची ती कादंबरी इथले लोक कादंबरी म्हणून वाचतच नाहीत. ‘हे आमच्या आजोबांच्या वेळचं’, ‘हा वाडा अमक्यांचा’, असं मार्जिनमध्ये लिहितात. पहिल्या खंडात तीन वेगवेगळ्या अक्षरांत भांडण जुंपलेलं आहे. दुसरा खंड नेणाऱ्याला बहुधा आपल्या घराण्याबद्दलचं काहीतरी गावात राहू द्यायचं नसावं! सिनेमा आल्यावर चार पोरं ‘तुंबाड’ मागायला आली होती. सिनेमाने नाव पेंडशांकडून घेतलं, गोष्टीचं बीज नारायण धारपांकडून. त्यांना सिनेमातला राक्षस हस्तर हवा होता, बाईंनी खोत दिले. एकाने दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. बाकीच्या तिघांनी म्हणे पाळीपाळीने पूर्ण वाचलं.

यादीत काय नाही, तेही पाहिलं. एकाही लेखकाचं समग्र वाङ्मय गहाळ नाही. गौरवग्रंथ सगळे जागेवर. ‘पिंगळावेळ’ जागेवर.

फलकावर ही यादीच लावू या, असं कार्यवाहांना म्हणाले. ते हसले. मग मी थट्टा करत नाहीये हे कळल्यावर हसायचे थांबले. शेवटी पु. ल. पहिले, पेंडसे दुसरे, असा काहीतरी तह झाला.

एकोणचाळिसावं नाव ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. शेवटची तारीख ऑगस्ट १९८९. सभासद क्रमांक पाण्याने पुसलेला. तेव्हाही मला काही सुचलं नाही, हे विशेष.

घरी आले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर आहे, भिंगानेही आता तिला त्रास होतो, म्हणून रात्री मी वाचून दाखवते. आई सातवीपर्यंत शिकली. दुसरं कोणतं पुस्तक तिने दोनदा वाचलेलं मला आठवत नाही, हे मात्र अखंड चालू. लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी शिकवलं, त्या बोलल्या तशाच लिहीत गेल्या, आणि आईला ते कोणी शेजारीण ओट्यावर बसून सांगतेय असंच ऐकू येतं. टिळक न सांगता घरातून निघून जातात तिथे ती दर वेळी, “हा बघ, निघाला परत,” म्हणते.

आज लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग. पान उलटलं. सतरावं. मध्यभागी फिकट जांभळा गोल शिक्का, आत आमच्या वाचनालयाचं नाव.

सतराव्या पानावर शिक्का मारायचा, हा वाचनालयाचा नियम आहे. कोणी पहिलं पान फाडलं तरी चोरी कळावी म्हणून. मी पुस्तकाच्या सुरुवातीला गेले. कालनिर्णयच्या कव्हराआड पहिलं पान नव्हतंच. इतक्या वर्षांत ते कव्हर काढून मी कधी पाहिलं नव्हतं.

“आई, हे वाचनालयाचं आहे.”

“हो मग?”

“छत्तीस वर्षं झाली.”

“अगो, वाचून झालं की देईन. तू थांबलीस कशाला, पुढे वाच.”