आबांचा टॅब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात पोरगा म्हणाला, "भावा, ह्या पैशात यापेक्षा भारी मिळणार नाही." तो खोटं बोलला नाही. 'ह्या पैशात' हे दोन शब्द मीच नीट ऐकले नव्हते. दहा हजारांच्या आत दहा इंची टॅब घेऊन घरी आलो. मोबाइलवर आबांना पेपर वाचता येईना आणि कुस्ती लावली तर पैलवान मुंगीएवढे दिसायचे, म्हणून हा घाट.

पहिल्या सकाळी आबांनी पेपर उघडला. टॅब ढिम्म.

"काय करायलंय हे?"

"विचार करायलंय."

"पेपर मी वाचणार, ह्यानं कशाला विचार करायचा?"

3 जीबी रॅम. मध्येच आत्याचा व्हिडिओ कॉल आला की हा पेपर विसरतो आणि परत गेलं की पहिल्या पानापासून सुरुवात. आबांचंही हल्ली तसंच होतं, पण ते बोलायची सोय नाही.

पडदा 1280 बाय 800 ठिपक्यांचा. इंग्रजीला तेवढं चालून जातं. आपल्या देवनागरीत 'उद्ध्वस्त'सारखा शब्द बारीक अक्षरात आला की जोडाक्षराच्या जागी नुसता शाईचा डाग. रंकाळ्यावर उन्हात नेला तर पेपराऐवजी स्वतःचंच तोंड दिसलं. "आजची ठळक बातमी, दाढी वाढलीय," आबा म्हणाले. सिनेमाचं दुखणं आणखी वेगळं. वाइडवाइन म्हणजे सिनेमाची चोरी रोखणारं कुलूप. या टॅबकडे त्याचा वरचा एल-1 दाखला नाही, खालचा एल-3 आहे. त्यामुळे पैसे भरूनही बऱ्याच अ‍ॅपांवर चित्र 480 ओळींच्या पुढं जात नाही, धूसरच राहतं. हे खोक्यावर कुठं छापत नाहीत.

पण बॅटरी दोन दिवस दमत नाही. चार्ज व्हायला चार तास घेते, घेऊ दे. रात्री कुणाला घाई असते? मेमरी कार्डाला खाच आहे. आणि हेडफोनचं साधं भोकही आहे, जे महागड्या आयपॅड प्रोनं 2018 मध्येच बुजवलं. आबांची जुनी वायर तिथं झक्क बसली.

कुस्ती मात्र बघण्यासारखी. म्हणजे आबा बघताना बघण्यासारखे. 1912 पासूनच्या खासबाग कुस्ती मैदानात कुठंही बसा, मातीचा हौदा स्वच्छ दिसतो. इथं थेट प्रक्षेपणात आवाज पुढं पळतो, चित्र मागं राहतं. मैदानात आरोळी उठते तेव्हा पडद्यावर दोघं अजून सलामीच देत असतात. तेवढ्या वेळात आबा नुसत्या आरोळीवरून डाव ओळखतात. "घिस्सा लागला बघ." मग चित्र हलतं आणि खरंच घिस्सा!

परवा लपेट म्हणाले, निघाली ढाक. आबांनी चष्मा काढला, पुसला.

"टॅब चुकलाय," म्हणाले.