इंजिन बदलण्याआधी जुनं कशाने गेलं ते बघा

बोटीचं इंजिन बदलायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, कुठलं घेणार आणि किती हॉर्सपॉवरचं. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे : आत्ताचं कशाने गेलं? त्याचं उत्तर मिळायच्या आत रिमॅन्युफॅक्चर्ड (कारखान्यात पूर्ण सुटं करून पुन्हा बांधलेलं, थोडक्यात रिमॅन) इंजिन आणून बसवलं, तर जुन्याला जे झालं तेच त्यालाही होणार, आणि बहुधा लवकर होणार.

आमची बोट ३२ फुटी, शिडाची. आत पर्किन्स ४.१०८, चार सिलिंडरचं, १.७६ लिटरचं डिझेल. गेल्या हंगामात ते थंड असताना लागायला वेळ घेऊ लागलं आणि लागल्यावर पांढरा धूर बराच वेळ राहू लागला. कॉम्प्रेशन तपासलं. चांगल्या स्थितीतल्या डिझेलमध्ये साधारण २५ ते ३० बार दाब मिळतो, आणि एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त बोलका असतो. आमचे पहिले तीन एकमेकांच्या जवळपास होते, चौथा खूपच खाली. हेड उतरवलं तेव्हा चौथ्याच्या भिंतीवर गंजाची एक कडा दिसली. मिस्त्रीकाकांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ही झीज नाही. पाणी शिरलंय. आणि खारं."

पाणी आलं कुठून? कूलंटची पातळी महिनोन् महिने जागच्या जागी होती, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यायला जागा नव्हती. मग एक्झॉस्टचा एल्बो (वळणाचा पाइप) काढला. समुद्राचं पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये इंजिनाचं कूलंट थंड करून झाल्यावर याच एल्बोत धुरात मिसळतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. गरम धूर, मीठ आणि डिझेलमधल्या गंधकापासून तयार होणारं आम्ल या तिघांचा मारा एकाच जागी होतो. ओतीव लोखंड तिथे आतून खाल्लं जातं आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो. आमच्या एल्बोत धूर आणि पाणी यांच्यामधली भिंत एका ठिकाणी आरपार गेली होती. शिवाय सायफन तोडणारा (नळीत हवा सोडून पाण्याची ओढ थांबवणारा) व्हॉल्व्ह मिठाने जाम झालेला. पाणी जिथे एक्झॉस्टमध्ये सोडतात ती जागा पाण्याच्या रेषेच्या किमान १५ सेंटिमीटर वर हवी. तेवढी नसेल तर नळी उंच वळवून माथ्यावर हा व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. नाहीतर इंजिन बंद असताना समुद्र आपल्या पावलांनी आत येतो. आमच्याकडे दोन्ही वाटा उघड्या होत्या. हे कळल्यावरच मी इंजिनाची चौकशी सुरू केली.

नवीन इंजिन मी घेतलं नाही. नव्या इंजिनाचे पाय वेगळ्या जागी, शाफ्टची (बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवणाऱ्या दांड्याची) उंची वेगळी, एक्झॉस्टचा व्यास वेगळा, गिअरबॉक्सची जोडणी वेगळी, मीटरचं पॅनल वेगळं. म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते तळातले लाकडी बेअरर कापा, पुन्हा बांधा, फायबर लावा. त्याच मॉडेलचं रिमॅन इंजिन जुन्याच जागेवर, जुन्याच छिद्रांवर बसतं. बोटीच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

साध्या गॅरेजमध्ये इंजिन बांधतात तेव्हा जे खराब दिसेल ते बदलतात. रिमॅन करणारे कारखानदार इंजिन शेवटच्या बोल्टपर्यंत सुटं करतात. ब्लॉक रसायनात धुऊन त्याला तडा आहे का ते तपासतात, बोअर आणि होनिंग करतात (सिलिंडर आतून कापून भिंतीवर बारीक रेषा पाडतात), क्रँक ग्राइंड करतात. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, ऑइल पंप ही सगळी नवी घालतात आणि शेवटी बेंचवर चालवून बघतात. निदान तसं करायला हवं. म्हणून मी कागद मागितले : क्रँक किती अंडरसाइज केला, ०.२५ की ०.५० मिलिमीटर, पिस्टन किती ओव्हरसाइजचे, आणि गरम इंजिनावर ऑइल प्रेशर किती आलं. पुढे कधी बेअरिंग मागवायची वेळ आली तर हाच कागद लागतो. हे आकडे जो सांगू शकत नाही त्याच्याकडून इंजिन घेऊ नये.

बदल्यात जुनं इंजिन द्यावं लागतं. त्याचा ब्लॉक फुटलेला किंवा क्रँक तुटलेला असेल तर जुन्या इंजिनासाठी भरलेली अनामत परत मिळत नाही, तेव्हा अटी आधी वाचा. आणखी एक, पेट्रोल इंजिनवाल्यांसाठी : गाडीचं रिमॅन इंजिन स्वस्त पडतं म्हणून बोटीत घालू नका. बोटीच्या इंजिनात ब्लॉकचे प्लग पितळेचे असतात, कॅम आणि हेड गॅस्केटही बहुधा वेगळी असतात. आणि स्टार्टर, अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारेच लागतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळात साचते, आणि तिथे एक ठिणगी पुरते.

उतरवण्याआधी आम्ही मापं घेतली. कपलिंगचा मध्य बेअररपासून किती वर, प्रत्येक माउंटची उंची, पुढच्या पुलीपासून भिंतीपर्यंतचं अंतर. प्रत्येक वायरला चिठ्ठी. मग अल्टरनेटर, स्टार्टर, मॅनिफोल्ड, गिअरबॉक्स सगळं सुटं केलं. बूमला (शिडाच्या आडव्या दांड्याला) खालून भक्कम टेकू दिला, चेन ब्लॉक टांगला आणि इंजिन जिन्याच्या तोंडातून वर आलं. हे काम लोकांना मोठं वाटतं. प्रत्यक्षात तयारी नीट असेल तर ते एका दुपारचं आहे.

खरं काम रिकाम्या खोलीत होतं. इंजिन बाहेर असताना तळातल्या प्रत्येक जागी हात पोहोचतो, तसा पुन्हा वर्षानुवर्षं पोहोचणार नाही. डिझेलची टाकी उघडून धुतली. तळाशी पाणी आणि काळा गाळ होता, आणि तो नव्या नोझलमध्ये गेला असता तर पहिल्याच आठवड्यात नोझल गेले असते. हीट एक्स्चेंजर उघडला तर नळ्यांच्या तोंडाशी पाण्याच्या पंपातल्या इंपेलरची तुटलेली पाती अडकलेली. पाण्याच्या नळ्या, क्लिपा, सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ), बॅटरीच्या केबली, गिअरबॉक्सपुढची डँपर प्लेट, चारही माउंट बदलले. शाफ्ट बाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमध्ये नवी दोरी भरली. एल्बो नवा, सायफन व्हॉल्व्ह नवा. माझ्या हमीपत्रात नव्या एल्बोची अट होतीच, पण नसती तरी मी जुना परत लावला नसता.

आता अलाइनमेंट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा. गिअरबॉक्सची आणि शाफ्टची अशा कपलिंगच्या दोन चकत्या समोरासमोर तंतोतंत समांतर यायला हव्यात. नियम असा की चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंच एवढाच फरक चालतो. आमची चकती ४ इंची, म्हणजे ०.००४ इंच, साधारण ०.१ मिलिमीटर. फीलर गेज वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून बघायचं. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा चारही जागी. फट शाफ्टबरोबर फिरत असेल तर दोष चकतीत किंवा शाफ्टमध्ये आहे. फट जागच्या जागी राहत असेल तर इंजिन हलवायचं. मोकळा शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, त्याला आधार न देता घेतलेलं माप खोटं असतं.

आणि हे सगळं बोट पाण्यात असतानाच. किनाऱ्यावर टेकूंवर उभी असताना बोटीचा तळ थोडा वेगळा वाकलेला असतो. आम्ही किनाऱ्यावर ढोबळ जुळणी केली, बोट पाण्यात सोडली, काही दिवस तशीच राहू दिली, आणि मग माउंटचे नट अर्धा अर्धा फेरा फिरवत बसलो. एक नट फिरवला की चारही मापं बदलतात. काका एका क्षणी म्हणाले, "घाई असेल तर उद्या येतो." ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड डोक्याने ते तासाभरात जुळलं.

पहिल्यांदा चालू करतानाची एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. डिझेल लाइनमधली एअर काढायची, फिल्टरचा स्क्रू, पंपाचा स्क्रू, मग नोझलचे नट सैल करून. त्यानंतरही इंजिन एकदम लागत नाही, स्टार्टर बराच मारावा लागतो. त्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पाण्याचा पंप एक्झॉस्टमध्ये पाणी ढकलत राहतो, आणि ते बाहेर फेकायला धूर नसतो. वॉटरलॉक (एक्झॉस्टच्या वाटेतली पाणी साठणारी टाकी) भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. नवंकोरं इंजिन पहिल्याच दिवशी अशा तऱ्हेने जाऊ शकतं. म्हणून सीकॉक बंद ठेवायचा आणि इंजिन लागलं की लगेच उघडायचा. सीकॉकपाशी एक माणूस बसवा, त्याला दुसरं काम देऊ नका. त्याआधी स्टॉप ओढून (म्हणजे डिझेल बंद ठेवून), थांबत थांबत स्टार्टर मारून ऑइल प्रेशर येतंय हे बघून घ्यायचं. आमच्याकडे सीकॉकवर काका होते. इंजिन लागलं, मी ओरडले, "काका, सोडा!" आणि मागून पाणी पडायला लागलेलं ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

नंतरची चूक टाळायची ती लाडाची. नवं इंजिन म्हणून ते धक्क्याला बांधून तासन् तास हळू चालवत ठेवणं त्याच्यासाठी वाईट आहे. रिंगा बसायला दाब लागतो. भार न देता चालवलं तर होनिंगच्या बारीक रेषा जळक्या तेलाने भरून गुळगुळीत होतात आणि इंजिन कायमचं तेल पिऊ लागतं. बाहेर काढा, गरम झाल्यावर भार द्या, आरपीएम बदलत राहा. पहिलं ऑइल आणि फिल्टर २५ ते ५० तासांत बदला. त्याच सुमाराला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कपलिंग पुन्हा तपासा, कारण नवे रबरी माउंट दबतात. आमचे दबले होते.

पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या कमाल आरपीएमला पोहोचायला हवं. आमचं पोहोचत नव्हतं आणि मागे काळा धूर दिसत होता. जुनंही पोहोचत नसे, तेव्हा सगळे वयाला दोष द्यायचे. आता वयाचा प्रश्नच नव्हता, म्हणजे पंखा (प्रोपेलर) इंजिनाला जड होता. पंखा उतरवून पिच (पात्यांचा पीळ) एक इंचाने कमी करून घेतला. आता आरपीएम पूर्ण मिळतात, आणि काळा धूर नाही.