प्रीफ्लॉप ऑल-इन अपडेट: पुश वेगळा, कॉल वेगळा

मागे म्हटलं होतं तसं पोकरमधलं पोस्टफ्लॉप (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यानंतरचा खेळ) सध्या बाजूला ठेवलंय आणि फक्त प्रीफ्लॉप ऑल-इनवर, म्हणजे ते पत्ते उघडायच्या आधीच सगळ्या चिप्स लावण्यावर, बसलोय. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानंतर पैशांचं ऑनलाइन पोकर आपल्याकडे बंदच, त्यामुळे सराव म्हणजे शनिवारी मित्राकडे नुसत्या चिप्सवर, आणि बाकी दिवस वही नि इक्विटी (पॉटमधला, म्हणजे मधल्या चिप्समधला, आपला सरासरी वाटा) काढणारा कॅल्क्युलेटर. खरं सांगायचं तर वहीतच जास्त मजा येतेय.

आता हातात पत्ते आले की आधी एवढंच बघतो, मी सगळ्या चिप्स ढकलतोय (पुश) की समोरच्याने ढकलल्यात आणि मला तेवढ्याच घालायच्यात (कॉल)?

वहीतलं एक गणित देतो. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स) 500/1000, मी 500 वाल्या स्मॉल ब्लाइंडला, ब्लाइंड धरून माझ्याकडे 10,000, बाकी सगळे फोल्ड (पत्ते टाकून बाहेर), हातात गुलाम-अठ्ठी ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांची). पुश केला आणि बिग ब्लाइंड पळाला तर मधले 1500 माझे. कॉल आला तर समजा 38 टक्के इक्विटी, म्हणजे 20,000 च्या पॉटमधले सरासरी 7600, आणि फोल्ड केलं असतं तर 9500 हातात होतेच, म्हणजे 1900 चा फटका. तो 40 टक्के वेळा कॉल करत असेल तर 900 वजा 760, म्हणजे 140 ने फायद्यात. पण तोच गडी 60 टक्के वेळा कॉल करणारा निघाला तर, इक्विटी तीच 38 धरली तर, सरळ 540 चा तोटा! पत्ते तेच, स्टॅक तोच. आमच्या शनिवारच्या टेबलावर नुसत्या चिप्स असल्याने कुणी फोल्डच करत नाही, तिथे पुशचा हा हिशोब लावून उपयोग शून्य, तिथे चांगल्या पत्त्यांची वाट बघायची.

उलट बाजूने, बिग ब्लाइंडला मी असेन आणि स्मॉल ब्लाइंडने 10,000 चा पुश केला तर 20,000 च्या पॉटसाठी 9000 घालायचे, म्हणजे 45 टक्के इक्विटी पाहिजेच. इथे कुणी पळून जाऊन मला वाचवणार नाही, जे काय ते पत्त्यांनीच करायचं. म्हणून कॉलची रेंज (ज्या पत्त्यांवर खेळायचं त्यांची यादी) पुशपेक्षा बारीक.

हातात 100 बिग ब्लाइंडएवढ्या चिप्स असताना एक्का-राजाचं काय, हे मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. मी 24 ब्लाइंडपर्यंत फोर-बेट (एकमेकांवर चढवत गेलेली चौथी बोली, ब्लाइंड पहिली धरून) केलाय, ब्लाइंडवाले दोघंही फोल्ड, समोरच्याने 100 चा जॅम (ऑल-इन) मारला, तर 76 घालून साधारण 201 चा पॉट, लागतात जेमतेम 38 टक्के. तो फक्त राण्या, राजे, एक्के आणि एक्का-राजा घेऊनच येतोय असं धरलं तरी ऑफसूट एक्का-राजाला सुमारे 39 मिळतात, कारण माझ्याच हातातल्या पत्त्यांमुळे एक्क्यांच्या जोड्या 6 च्या 3 उरतात, राजांच्याही 3. नव्वीच्या जोडीला मात्र त्याच रेंजसमोर 36 च्या आसपास, ती फोल्ड. दिसायला तयार जोडी असली तरी! हे मला पटायला वेळ लागला, कॉम्बिनेशन हाताने मोजून काढली तेव्हा कुठे बसलं. (अर्थात काही लोक यापेक्षाही घट्ट खेळतात, राण्या सोडा, फक्त राजे-एक्के. त्यांच्यासमोर एक्का-राजाही गेला.)

हे सगळं चिप्सचं गणित झालं, बक्षिसांच्या उंबरठ्यावर ते बदलतं. पुढच्या अपडेटला आयसीएम (चिप्सची बक्षिसांच्या हिशोबात किंमत काढायचं गणित) घेतो, सुरुवात सॅटेलाइटपासून (मोठ्या स्पर्धेचा प्रवेश हेच बक्षीस असलेली स्पर्धा), जिथे कधीकधी एक्क्यांची जोडीसुद्धा प्रीफ्लॉप फोल्ड करणं बरोबर ठरतं. कुणाकडे बबलवरचे (बक्षिसांच्या उंबरठ्यावरचे) हँड असतील तर स्टॅकसकट टाका, गणित करून बघू.