तुम्ही विचारलंत म्हणून: वॉशिंग्टन हे आडनाव आलं कुठून?

आम्ही वॉशिंग्टनला राहतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग व्हाइट हाउस किती लांब?" मग मी सांगते की अहो अमेरिकेतलं नाही, इंग्लंडमधलं, न्यूकॅसल आणि संडरलंडच्या मधे येतं ते, निसानचा कारखाना आहे ना त्याला लागून, नवरा तिथेच कामाला आहे. समोरचा जरा हिरमुसतो आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे तुमच्या गावाला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलंय का?" तर नाही, उलटं आहे. आमच्या गावाचं नाव त्याला मिळालंय, आणि तेसुद्धा जमिनीच्या अदलाबदलीतून. आता एकदाच नीट लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच फॉरवर्ड करेन.

बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न म्हणून एक सरदार होता. हर्टबर्न हे त्याचं गाव, आताच्या स्टॉकटनजवळचं. ते त्याने डरहमच्या बिशपला दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. बिशप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चर्चमधला फादर येतो, पण डरहमचा बिशप म्हणजे त्या भागाचा राजाच, स्वतःचं कोर्ट, स्वतःची टांकसाळ, स्वतःचे सैनिक. त्याने ११८३ मध्ये आपल्या सगळ्या जमिनींची आणि त्यांच्यावरच्या येणे असलेल्या साऱ्याची नोंद करून घेतली, त्या दप्तराला बोल्डन बुक म्हणतात, आणि त्यात आमचं गाव आहे: चर्च आणि चर्चची जमीन सोडून वॉशिंग्टन विल्यमकडे, सारा ४ पौंड, शिवाय बिशपची मोठी शिकार निघाली की याने ४ ग्रेहाउंड कुत्री घेऊन हजर व्हायचं. मला हे कुत्र्यांचं कलम फार आवडतं.

गाव बदललं तसं आडनावही बदललं. हर्टबर्नकर होते ते वॉशिंग्टनकर झाले म्हणा ना. (जॉर्ज वॉशिंग्टनकर! एकदा डोक्यात आलं की जात नाही हो.) पण आपल्या 'कर'मध्ये आणि यात एक फरक आहे. आपल्याकडे बऱ्याचदा माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला मूळ गावाच्या नावाने ओळखायला लागतात, त्यात गावात त्याची गुंठाभर जमीन नसली तरी चालतं. इथे नॉर्मन सरदारांची पद्धत वेगळी, गाव ज्याच्या ताब्यात त्याला गावाचं नाव. म्हणजे आडनाव हा जवळपास सातबाराच. प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या लोकांना तेव्हा पिढीजात आडनावच नसायचं, त्यांना ते पुढे हळूहळू मिळालं, कुणाला धंद्यावरून, कुणाला बापाच्या नावावरून, जसं की लोहाराचं स्मिथ आणि जॉनच्या पोराचं जॉन्सन.

मूळ घराण्याचा गावातला मुक्काम काही फार टिकला नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी वारस म्हणून मुलगी उरली, एलेनॉर, तिच्या लग्नाने इस्टेट टेंपेस्ट घराण्याकडे गेली, तिथून मॅलरींकडे, आणि १६१३ मध्ये विकली गेली ती पुन्हा डरहमच्या बिशपलाच. गावात वॉशिंग्टन ओल्ड हॉल आहे तो वॉशिंग्टन घराण्याच्या जुन्या वाड्याच्या जागी सतराव्या शतकात बांधलेला, जुन्या बांधकामाचा थोडा भाग अजून आत दिसतो. मधल्या काळात त्याची पार चाळ झाली होती, अनेक कुटुंबं भाड्याने राहायची, आणि १९३० च्या दशकात तो पाडायचाच असं ठरत आलं होतं तेव्हा इथल्याच एका शाळामास्तरांनी, फ्रेड हिल त्यांचं नाव, धडपड करून वाचवला. १९७७ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना इथे येऊन झाड लावून गेले.

आता आडनाव अमेरिकेला कसं पोचलं. घराण्याची धाकटी पाती आधीच पश्चिमेला लँकाशरमधल्या वॉर्टनला गेली होती, तिथल्या एका लॉरेन्स वॉशिंग्टनने नॉर्थॅम्प्टनला येऊन लोकरीच्या व्यापारात पैसा केला, दोनदा तिथला मेयर झाला. राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा याने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची इस्टेट विकत घेतली, ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स, वरचे पेन्ससुद्धा मोजून. तिथल्या घरावर त्यांचं कुलचिन्ह आहे, दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल चांदण्या. वॉशिंग्टन डीसीचा झेंडा बघा, हुबेहूब तेच. अमेरिकेचा झेंडाही यावरूनच आला असं इथे लोक छातीठोकपणे सांगतात, त्याला मात्र पुरावा नाही.

या व्यापाऱ्याचा पणतू, तोही लॉरेन्सच (या लोकांना दुसरं नाव सुचतच नव्हतं), एसेक्समध्ये पर्लीला पाद्री होता. यादवी युद्धात तो राजाच्या बाजूचा, त्यामुळे पार्लमेंटवाल्यांनी १६४३ मध्ये त्याला काढून टाकलं, आणि कारण काय दिलं तर हा रोज दारूच्या गुत्त्यात बसतो आणि दुसऱ्यांनाही बसवतो. राजकारणात विरोधकाला घालवायचं तर त्याच्या बाटलीवर बोट ठेवायचं हे तेव्हाही होतंच. घर बसलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या एका जहाजावर व्हर्जिनियाला गेला, १६५७ मध्ये ते जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि हा तिथेच राहिला, लग्न केलं, जमिनी घेतल्या. तो जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा. पुढे त्याच नदीकाठी राजधानी उभी राहिली आणि १७९१ मध्ये तिला हे नाव दिलं.

लोकांचा प्रश्न इथे संपतो, माझं उत्तर नाही संपत, कारण माझ्या मते या आडनावाचा खरा मोठा भाग इथून पुढेच आहे.

जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. तो १७९९ मध्ये वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. याच इस्टेटीवरचा एक हॅरी. पश्चिम आफ्रिकेत जन्मलेला, १७६३ मध्ये जॉर्जने विकत घेतलेला. एकदा पळाला, पकडला गेला. मग स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मोकळे, तेव्हा १७७६ मध्ये हा पुन्हा पळाला आणि थेट ब्रिटिशांना जाऊन मिळाला, म्हणजे मालक एका बाजूचा सेनापती आणि हा दुसऱ्या बाजूला. १७८३ मध्ये ब्रिटिश न्यूयॉर्क सोडून निघाले तेव्हा बरोबर नेलेल्या काळ्या लोकांची यादी केली, त्यात हॅरी वॉशिंग्टन अशी नोंद आहे. तिथून आताच्या कॅनडातलं नोव्हा स्कॉशिया, तिथे हाल, मग १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन. तिथे वसाहत चालवणाऱ्या सिएरा लिओन कंपनीने जमिनीवर कर लावला, लोक चिडले, १८०० मध्ये बंड झालं आणि त्या बंडात हॅरी होता, हरले, त्याला हद्दपार केलं. वरून लादलेला कर आणि त्याविरुद्ध बंड, वॉशिंग्टन आडनावाच्या दोन माणसांनी केलं, एकाचा फोटो डॉलरवर आहे आणि दुसऱ्याचं नाव मीसुद्धा इथे राहायला आल्यावरच ऐकलं.

गुलामगिरी संपल्यावर हे आडनाव कितीतरी काळ्या कुटुंबांनी घेतलं, आणि ते सगळे काही जॉर्जच्या इस्टेटीवरचे नव्हते. बुकर टी. वॉशिंग्टनचंच घ्या, गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे टस्कीगीला काळ्या लोकांसाठी शिक्षणसंस्था उभी करणारा. लहानपणी शाळेत हजेरी सुरू झाली, बाकीच्या पोरांना दोन-दोन नावं, याला एकच, बुकर. नंबर आला तेव्हा ठोकून दिलं, बुकर वॉशिंग्टन. आता वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव, त्यांचं आडनाव फर्ग्युसन! म्हणजे जमीन नाही, मालक नाही, वारसा नाही, पोराने हजेरीच्या रांगेत स्वतःच ठरवलं.

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची साधारण १ लाख ६३ हजार माणसं होती आणि त्यातली ९० टक्के काळी. तेव्हा खरं तर कुणी मला विचारलं की हे आडनाव कुणाचं, तर मी त्यांचं म्हणेन. विल्यमसाहेबांनी ते ४ पौंड आणि ४ कुत्र्यांवर मिळवलं होतं, आणि तेही बिशपच्या मर्जीने.