हरणी गाडीत चढेना तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या हरणी घोडीला शिरवळला न्यायचं होतं. ती लसूण घास तोंडात घ्यायची, चावल्यासारखं करायची आणि ओला गोळा करून खाली टाकायची, सकाळी झाडायला गेलं की गव्हाणीपाशी लिंबाएवढे पाच-सहा गोळे पडलेले असायचे. आमच्याकडच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणले दाढांना कडा आल्यात, गालाला आतनं लागतायत, फार घाई नाही पण शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेऊन कानस मारून घ्या, तोवर कोंडा भिजवून द्या. आमची वस्ती रहिमतपूरच्या अलीकडं, म्हणजे घोडी घेऊन हळूहळू जायचं तर तीन तास धरायचे. रस्त्याचं काही नव्हतं हो, ती गाडीत चढणार कशी हाच घोर होता.

कारण आयुष्यात ती एकदाच गाडीतनं आली होती, अकलूजच्या घोडेबाजारातनं, एका ट्रकात बाकीच्या घोड्यांबरोबर दाटून, आणि उतरवली तेव्हा तिचा गुडघा सोललेला होता. ते ती विसरली नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही सगळं चुकीचं केलं आणि ते लिहायलाच पाहिजे, कारण अजून बऱ्याच ठिकाणी असंच करतात. चुलत्यांनी पिकअप आणून अंगणात लावली, हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, माझ्या कमरेच्या जरा खाली, त्याला एक लाकडी फळी टेकवली, वर ताडपत्री तशीच. एकजण पुढनं कासरा ओढतोय, दोघांनी मागनं मांड्यांना दोर लावलाय, एकाच्या हातात काठी. पहिला पाय पडला तशी फळी दणकन वाजली आणि हरणी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, डोकं ताडपत्रीच्या पाईपवर आपटलं, कानामागं फाटलं. कासरा धरणाऱ्या पोरानं तो हाताला गुंडाळला होता, त्याच्या तळहाताची सालच गेली, बोटं राहिली हे नशीब. मी गाडी परत पाठवली. घोडीच्या मानेवर साबणासारखा फेस आला होता, हात ठेवला की कातडी थरथरायची, रात्री उशिरापर्यंत मी तिच्यापाशी बसून होतो.

सगळे म्हणले घोडी हट्टी आहे. मला ते अजिबात पटत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला चौफेर दिसतं पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही, आणि उन्हातनं अंधारात गेलं की त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आता ताडपत्री लावलेली पिकअप तिच्या बाजूनं बघा. समोर काळं भोक, पायाखाली पोकळ वाजणारी फळी आणि जिथं दिसत नाही तिथं दोर टोचतोय. पळून जाऊन जीव वाचवणारी जात आहे ती, तीन-साडेतीनशे किलोचं जनावर, चार माणसांनी ढकलून थोडंच चढणार आहे.

मग चुलत्यांना म्हणलं, गाडी रोज संध्याकाळी तासभर द्या. ते दिवसभर भाजीपाला ओढतात, तरी दिली.

सगळ्यात मोठा फरक बांधानं पडला. विहिरीजवळच्या उंच बांधाला गाडी मागं घेऊन लावली, हौदा आणि बांध यात वीतभर अंतर राहिलं, फळीची गरजच नाही. ताडपत्री काढून टाकली. हौद्यात गाईंच्या गोठ्यातली रबरी मॅट टाकली, म्हणजे पाय घसरत नाही आणि आवाज पण मरतो, वर उसाचं पाचट पसरलं. साखळीचे हूक, पाईपची टोकं, जिथं जिथं लागेल तिथं गोणपाट गुंडाळलं. कासरा हातात घड्या घालून धरायचा, वेटोळं कधीच घालायचं नाही, आणि हातमोजे घालायचे.

मी तिच्या डाव्या खांद्यापाशी उभा राहायचो, तोंडासमोर नाही. कासरा थोडासा ताणायचा आणि थांबायचं. तिनं नुसतं वजन पुढं टाकलं तरी त्याच क्षणाला सैल सोडायचा. गूळ-बिळ नंतर, खरं बक्षीस म्हणजे ते सैल सोडणं, आणि त्यात जरा जरी उशीर झाला तरी तिला कळत नाही की आपल्याला काय पाहिजे होतं. मागं सरली तर सरू द्यायची, ओढाओढी नाही, ती थांबली की परत तेवढंच विचारायचं. पहिल्या दोन दिवसांत ती हौद्यापर्यंत येऊन मॅट हुंगायची, जोरात फुरफुरायची, बस. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय ठेवले, मान खाली आली, ओठ चाटले, आणि मीच तिला सावकाश मागं घेतलं. लोक म्हणले चढत होती की, घ्यायची होती आत. पण मागं सरून उतरता येतं हे तिला कळणं जास्त गरजेचं होतं. पाचव्या दिवशी चारी पाय आत. त्या दिवशी आठ-दहा वेळा चढली-उतरली, मागनं काहीच लावलं नाही.

लावायचं तेव्हा आधी मागचा आडवा पाईप, मग फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, आणि सगळ्यात शेवटी कासरा बांधायचा. उतरवताना उलटं, आधी तोंड सोडायचं आणि मगच मागचं उघडायचं. बांधलेली घोडी मागं मोकळं बघून सरली आणि कासऱ्याला हिसका बसला की ती बिथरते, मग मान मोडेपर्यंत ओढते. कासरा पाईपला थेट नाही, सुतळीच्या कडीला बांधला, जीवावर बेतलं तर सुतळी तुटेल. गाठ एका झटक्यात सुटणारी. आणि पिकअपला पुढनं दार नसतं, त्यामुळं घोडी आणि केबिन यांच्यात माणूस अडकता कामा नये, मी तिला आत घेतलं की लगेच कडेवरनं बाहेर पडायचो आणि बाहेरनंच बांधायचो.

दहाव्या दिवशी पहाटे निघालो. डॉक्टरांचा दाखला बरोबर होता, जनावरं वाहून न्यायचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोड्याला प्रवासाला फिट असल्याचा दाखला लागतो. चुलत्यांना एवढंच सांगितलं की हौद्यात पाण्यानं काठोकाठ भरलेला हंडा ठेवलाय असं समजून ब्रेक मारा. कासरा एवढा लांब की तिला मान खाली घालून खोकता येईल, पण पाय त्यात अडकणार नाही. तासन् तास तोंड वर बांधून ठेवलं की नाकातली घाण खाली पडत नाही, ती फुप्फुसात जाते आणि दोन-तीन दिवसांनी ताप येतो, मग लोक म्हणतात हवा बदलली. सुरूर फाट्याला थांबून घरचंच पाणी पाजलं. पुढं खंबाटकीच्या बोगद्यात तिचे कान ताठ झाले, बाहेरच्या त्या एस वळणावर चुलते अगदी बैलगाडीसारखे गेले, मागनं हॉर्नवर हॉर्न, वाजू दे.

दाढांचं काम नीट झालं. गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळं ती पूर्ण उतरेपर्यंत खायला पण दिलं नाही आणि गाडीकडं पण नेली नाही, अर्धवट गुंगीत पाय अडखळला तर काय घ्या. दोन तास झाडाखाली उभे राहिलो. मग रस्त्याकडेचा एक चढ बघून गाडी लावली. नवीन जागा, बाजूनं ट्रक चाललेले. हरणीनं मॅट हुंगली, एकदा मागं वळून बघितलं आणि सैल कासऱ्यावर आत गेली.

चौथ्या दिवसापासनं गव्हाणीपाशी गोळे दिसले नाहीत. परवा पलीकडच्या वस्तीवरनं एक घोडं आणायला गेलो होतो, तिथल्या पोरांनी फळी काढूनच ठेवली होती. चुलते आधी खाली उतरले, इकडं-तिकडं फिरून एक बांध शोधला, आणि मग गाडी मागं घेतली.